मखमली पट्ट्यांच्या चपला

ड्रेसिंगच्या खोलीच्या दारावर एक पाटी होती: ‘कृपया चप्पल बाहेर काढा’. पुठ्ठ्यावर माझ्याच हाताने लिहिलेली. ‘कृपया’ भलतंच मोठं झालं आणि जागा संपत आली, म्हणून ‘काढा’ कडेला इतकं दाटीने बसलं होतं की तेही बाहेर जायच्या तयारीत आहे असं वाटायचं. इतकी वर्षं मी त्या रुग्णालयात काम केलं, पण माझ्या अक्षरातली एवढी एकच गोष्ट तिथे लागली. पाटी स्वच्छतेसाठी होती हे खरं. पण येणाऱ्याजाणाऱ्याला तोंडाने सांगायची मला लाज वाटायची, हे जास्त खरं.

शेजारच्या ताई आमच्या सोसायटीचा दिवाळी अंक काढतात. त्या म्हणाल्या, “मावशी, तुमच्या कामाबद्दल लिहा ना काहीतरी.” मी बरं म्हटलं, कारण मला नाही म्हणता येत नाही. लिहिलेलं त्यांना देईनच असं नाही. देताना समोर उभं राहावं लागतं. सध्या लिहून तरी बघते. चौथीपर्यंतची शाळा, त्यामुळे वाक्यं लांब गेली तर मीच मध्ये हरवेन. आखूडच लिहिते.

भाईंदर पश्चिमेला बाजाराच्या मागे एक लहान रुग्णालय आहे. तिथे मी ड्रेसिंगच्या खोलीतली मावशी होते. मावशी म्हणजे नर्स नव्हे. जखम धुणं, औषध लावणं, पट्टी बांधणं हे सिस्टरचं काम. मावशीने गॉज कापायचं, कापूस भरून पॅड करायचे, डबे वाफेच्या मशिनात लावायचे, घाण पट्ट्या पिवळ्या पिशवीत टाकायच्या आणि पेशंटचा पाय धरून ठेवायचा. पाय धरणं हे सगळ्यात मोठं काम. पाय धरला की माणूस बोलायला लागतो. उत्तर द्यायचं नसेल तर मला गप्पा फार आवडतात.

त्याआधी मी घरी शिलाई करायचे. साडीला फॉल, उशांचे अभ्रे, पिशव्या. त्यामुळे रुग्णालयात काही फाटलं, मोडलं, कमी पडलं की “इंदूला सांगा” व्हायचं. सांगणाऱ्या म्हणजे फिलोमिना सिस्टर. उत्तनच्या कोळीवाड्यातल्या. आवाज असा की होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून जेवायला बोलवावं. आमचं छान जमायचं. त्या दोघींचं बोलायच्या, मी दोघींचं गप्प बसायचे.

जखमेसाठी दुकानात जे मिळतं ते महाग असतं आणि जखमा बहुतेक गरिबांना होतात. म्हणून आम्ही वस्तू बनवायचो. सगळ्याच सांगण्यासारख्या नाहीत. जखम धुवायला बारीक, जोराची धार लागते. सलाईनच्या बाटलीच्या झाकणाला निर्जंतुक सुईने भोक पाडलं की ती मिळते, हे सिस्टरने दाखवलं. एकच भोक, असं त्या म्हणाल्या होत्या. मला वाटलं, जास्त भोकं म्हणजे जास्त स्वच्छ. बाटली दाबली तेव्हा जखम कोरडी राहिली आणि डॉक्टरांचा चष्मा धुतला गेला.

मग टोपलीचं झालं. भाजलेल्या पायांना चादर टेकू नये म्हणून वर कमानीसारखं काहीतरी ठेवायचं असतं. आमच्याकडे लोखंडी कमान एकच होती आणि ती दुसऱ्या खाटेवर होती. सिस्टरने घरून बांबूची मोठी टोपली आणली. मी ती मधोमध कापली, कडांना जुनी चादर शिवली, साबणाने धुतली, उन्हात ठेवली, परत धुतली. कमान झकास झाली. संध्याकाळी खिडकीत मांजर आलं. थोड्या वेळाने त्याचे नातेवाईक आले. त्या टोपलीने जन्मभर सुके बोंबील वाहिले होते, हे सांगायला सिस्टर विसरल्या होत्या. पेशंट चिडेल म्हणून मी पडद्याआड लपले, तर तो म्हणाला, “सिस्टर, आज जेवायला काय आहे हो?” भाजल्यापासून त्याने पहिल्यांदाच जेवण मागितलं होतं. सिस्टर पुढे कितीतरी दिवस हे औषध म्हणून सांगत फिरल्या. नंतर स्टीलच्या कारखान्यातल्या एका पेशंटने पाइप वाकवून कमान करून दिली आणि मांजरं दुसरीकडे गेली.

माझी अशी कर्तबगारी चालू असताना सुलोचना आली.

सुलोचना मिरा रोडला शांती नगरमध्ये राहायची. मूळची रत्नागिरीकडची, पन्नाशीच्या अलीकडची. घरी जेवणाचे डबे करायची, नवरा ते स्कूटरवरून पोचवायचा. घरात सासूबाई. सुलोचनाला साखरेचा आजार होता आणि उजव्या तळव्याला, अंगठ्याच्या मागे, चण्याएवढी गोल जखम होती. दुखत नव्हती.

न दुखणं हेच त्यातलं वाईट. साखरेने पायाची जाणीव जाते. दुखलं तर माणूस लंगडतो, पाय उचलून धरतो, जखमेला आराम मिळतो. न दुखणाऱ्या पायावर माणूस रुबाबात चालतो आणि दर पावलाला सगळ्या अंगाचा भार जखमेवर येतो. औषध कितीही भारी असू दे, वर माणूस उभा असेल तर जखम भरत नाही. एवढंच ते शास्त्र. मला कळलं म्हणजे कुणालाही कळेल.

डॉक्टर तरुण होते, चांगले होते. त्यांनी प्लास्टर सांगितलं.

“प्लास्टर घालून ओट्यापाशी कशी उभी राहू?” सुलोचना म्हणाली.

“उभं राहायचंच नाही.”

“मग डबे कोण करणार, डॉक्टर? तुम्ही येता का पोळ्या लाटायला?”

मग खास बुटाचं निघालं. किंमत ऐकून तिने पावसाचा विषय काढला. डॉक्टर माझ्याकडे वळले. “मावशी, चपलेचं काही जमेल? जखमेच्या खाली दाब यायला नको, बस.”

मला कुणी काम सांगितलं की आधी घाम येतो आणि मग चेव येतो. स्टेशनकडे चपला शिवणाऱ्या काकांकडून मऊ फोमची शीट आणली. जखमेच्या जागी भोक पाडलं, मेदूवड्यासारखं गोल. डॉक्टर म्हणाले, गोल नको, चारी बाजूंनी कडा रुततील, पुढून उघडं ठेवा, घोड्याच्या नालेसारखं. तसं केलं. पट्ट्यांचा प्रश्न आला तेव्हा मात्र मी कुणाला विचारलं नाही. माझं मत असं की आजारी बाईला आजारी दिसणारी वस्तू दिली तर ती घालत नाही. घरात एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजमधून उरलेलं किरमिजी मखमल होतं. त्याच्या रुंद पट्ट्या केल्या आणि कडेला बारीक जर लावली.

“अगं बाई!” सुलोचनाने चप्पल हातात घेतली. “मावशी, ही तर लग्नात घालण्यासारखी झालीय.”

मी गॉजच्या डब्यात तोंड घातलं. सिस्टर ओरडल्या, “बघ, इंदू लाजली! इंदू, आता तुझं दुकान काढू या.”

त्यानंतर सुलोचना ठरल्या दिवशी यायची. डॉक्टर जखमेच्या कडेची मेलेली कातडी काढायचे, सिस्टर पट्टी बांधायच्या, मी पाय धरायचे. गोळ्या बदलल्या, साखर उतरली. जखम होती तिथेच होती. पण माझं लक्ष जखमेकडे कमी आणि चपलांकडे जास्त. दर वेळी दाराबाहेर त्या उचलून उलट्या करून बघायचे. “बघा ना सिस्टर, इतके दिवस झाले, तळ झिजलासुद्धा नाही. काय चिकटवलंय मी!” असं मी म्हणायचे. मी सहसा काही म्हणत नाही. म्हटलं ते हे.

एक दिवस डॉक्टरांनी जखमेत बारीक सळई घातली आणि ती किती आत गेली ते नखाने धरून पाहिलं. मग म्हणाले, “आत खोल गेलंय. हाडाजवळ. पुढच्या वेळी एक्स-रेचा फोटो काढू. हाडाला लागलं असेल तर अंगठा काढावा लागेल. तिथेच थांबेल याची खात्री मी देत नाही.”

पाय माझ्या हातात होता. तो जरासुद्धा हलला नाही.

“अंगठा गेला तर उभं राहता येतं ना?” तिने विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

पट्टी झाली. ती टेबलावरून उतरली आणि फरशीवरून नुसत्या पट्टीच्या पायाने दाराकडे चालत गेली. दाराबाहेर माझ्या पाटीखाली तिच्या चपला शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. सिस्टरने त्यातली एक उचलली, उलटी केली.

“सुलोचना, ही तू घालतेस कधी?”

“घालते ना, सिस्टर. रिक्षापर्यंत. इथे येताना.”

“आणि घरात?”

“घरात?” तिने सिस्टरकडे असं पाहिलं, जसं काही त्यांनी साडी नेसून आंघोळ करतेस का असं विचारलं होतं. “घरात चप्पल कशी घालणार?”

बाई सकाळपासून ओटा, गॅस, सिंक, परत ओटा अशी घरातच चालत होती. अनवाणी. रस्त्याला काय, चप्पल आठवड्यातून एकदा लागायची. माझा तळ झिजेल कशाने? सिस्टर माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज एवढा खाली उतरलेला मी पहिल्यांदा ऐकला.

“आणि इथे आली की तू काढायला लावतेस, इंदू.”

मी पाटीकडे पाहिलं. ‘कृपया’ फारच मोठं झालं होतं.

“घरी जाऊन सांगायला पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. “मी गेले तर भांडण होईल. तू जा.” भांडण होणार नाही हे खरं होतं. भांडायला दोन माणसांनी बोलावं लागतं.

रिक्षात मी वाक्यं पाठ केली. शांती नगरात सगळ्या इमारती मला सारख्याच दिसतात. तिसऱ्या गेटवर वॉचमनने विचारलं, “किसके यहाँ जाना है, आंटी?”

“वो... डब्बेवाली ताई.”

“दूसरा माला. जिधर खुशबू आयेगा, उधर रुक जाना.”

दार उघडंच होतं. सासूबाई खाली बसून वाल सोलत होत्या. आत सुलोचना ओट्यापाशी उभी, कढईत डाव फिरत होता. मी आत गेले आणि बसायच्याही आधी पाठ केलेलं म्हणून टाकलं. “आई, सुलोचनाताईंना घरात चप्पल घालावी लागेल. कायम. नुसता पाय जमिनीला टेकायला नको.”

सासूबाईंनी शांतपणे माझ्या पायांकडे पाहिलं.

“आणि तुझ्या गो बाय? तुझ्या कुठं हायत?”

माझ्या दाराबाहेर होत्या. कधी काढल्या, मलाच माहीत नव्हतं. सुलोचना आतून खो खो हसायला लागली, डाव हातातच. मला जमीन गिळेल तर बरं असं झालं, आणि त्या घाईत जे बोलायचं नव्हतं ते बोलून गेले. “हसू नका हो, ताई. अंगठा काढायला लागेल म्हणालेत डॉक्टर.”

वाल सोलणारा हात थांबला.

“कोणाचा अंगठा?”

सुलोचनाचं हसू गेलं. “आई, तुम्हाला उगाच टेन्शन नको म्हणून...”

“टेन्शन!” सासूबाईंनी परात बाजूला सारली. “पाय कापायची पाळी आलीय आणि मला घरात कोण काय सांगत न्हाय. परकी बाई येऊन सांगतेय.” परकी बाई वालाची सालं गोळा करत बसली.

“माझ्या घरात चुलीपाशी चप्पल कधी आली न्हाय,” त्या शेवटी म्हणाल्या. “तिथं कोपऱ्यात देव हाय. लोकांच्या पोटात जायचं अन्न हाय. माझ्या जिवंतपणी ते व्हायचं न्हाय.” सुलोचनाने मान खाली घातली. सासूबाई तिच्या पायाकडे बघत राहिल्या, पांढऱ्या पट्टीकडे. “ही पट्टी घेऊन ती देवापाशी दिवा लावते. पट्टीला मी काय बोलले? काय मऊबिऊ बांधायचं ते त्या पट्टीतच बांधा की गो. पट्टी कोण उंबऱ्यावर सोडून ठेवतंय?”

मी उठलेच. चहा ठेवत होती सुलोचना, तोही घेतला नाही. जिना उतरून गेटपर्यंत आले तेव्हा वॉचमन म्हणाला, “आंटी, चप्पल?” चपला वर राहिल्या होत्या. परत वर जायची लाज वाटली. “ऐसेच,” म्हटलं आणि अनवाणी रिक्षात बसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं. म्हणजे सिस्टरना सांगितलं आणि त्यांनी डॉक्टरांना, अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “अहो, हे पुस्तकात आहे. फोम कापून पायालाच चिकटवतात, वरून पट्टी. आम्हाला शिकवलंय. मी चपलेच्याच मागे लागलो.” म्हणजे आमचा शोध आधीच लागलेला होता. मला बरंच वाटलं. नाहीतर सिस्टरने माझा सत्कार ठेवला असता.

पुस्तकात असलं तरी ते माझ्या हाताला माहीत नव्हतं. पहिला पॅड संध्याकाळपर्यंत सरकून पायाच्या वर आला. सुलोचनाचा फोन. “मावशी, माझ्या पायाला उंटाची पाठ फुटलीय.” मग डॉक्टरांनी पॅड पायाला नीट चिकटवून दाखवला, सिस्टरने पट्टी घोट्यावरून तिरकी फिरवली, तेव्हा तो जागेवर बसला. ओट्यापाशी पाणी सांडतं, पट्टी भिजते, म्हणून मी वरून घालायला जाड कापडाची खोळ शिवली, नाडीची, तळाला न घसरणारं रबर लावलेली. ती नेल्यावर सासूबाईंचा निरोप आला: स्वयंपाकघरातली वेगळी पाहिजे. मग पांढरी चुलीपाशी, निळी इतर घरात. पांढरी सासूबाई स्वतः धुवायच्या आणि वेगळ्या दोरीवर वाळत घालायच्या. सुलोचना चुकून तशीच आत आली की त्यांचा आवाज यायचा, “खोळ कुठाय? देवापाशी तशीच आलीस?” हे सुलोचना पाय माझ्या हातात देऊन सांगायची आणि आम्ही तिघी हसायचो. त्यातच एकदा तिने पिशवीतून माझ्या चपला काढून दिल्या. धुतलेल्या.

फोटोच्या दिवशी कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी तो काचेवर लावला आणि इतका वेळ बघितला की मी गॉजचा डबा उगाचच पुसून काढला. हाडाला लागलं नव्हतं. “आता भरेल,” डॉक्टर म्हणाले, “पण सावकाश.” खूपच सावकाश भरलं. चण्याचा मूग झाला, मुगाची मोहरी झाली.

पाटी मी शांती नगरला जाऊन आले त्याच आठवड्यात उतरवली होती. नवीन लिहायला बसले: पायाला जखम असणाऱ्यांनी चप्पल घालूनच आत यावे, इतरांनी चप्पल पुसून यावे. एवढं काही पुठ्ठ्यावर मावेना. तेव्हापासून ते मला प्रत्येकाला तोंडाने सांगावं लागायला लागलं. पहिले काही दिवस मी लोकांच्या गुडघ्यांशी बोलायचे.

सगळ्यांचं सुलोचनासारखं झालं नाही. वरसाव्याचे एक काका होते, त्यांना घरात खोळ बांधून द्यायला कुणी नव्हतं. त्यांचा पाय गेला. आणि पाटीच्या काळात किती जण त्या थंड फरशीवरून जखमेचा पाय टेकत माझ्यापर्यंत चालत आले असतील, हे मनात आलं की मी दुसरं काहीतरी काम काढते.

जखम पूर्ण मिटली त्या दिवशी सुलोचनाबरोबर सासूबाईही आल्या. दाराबाहेर चपला काढून आत आल्या. मी सांगितलं, काढायची गरज नाही, पाटी गेली. त्यांनी लक्ष दिलं नाही.

“आता सुटले ना मी?” सुलोचनाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “जखम भरली. पायाची जाणीव काही परत येणार नाही. पॅड आणि खोळ बंद, पण आता कायम मऊ चप्पल. बाहेर आणि घरातसुद्धा. अनवाणी एक पाऊल टाकायचं नाही, नाहीतर परत इथेच.”

सुलोचनाने सासूबाईंकडे पाहिलं नाही. मीही पाहिलं नाही. मी कपाटातून त्या मखमली पट्ट्यांच्या चपला काढल्या, गेल्या खेपेला तिच्याकडून ठेवून घेतलेल्या. जुना तळ काढून नवीन लावला होता, आतला नालेसारखा भाग बुजवून सारखा मऊ केला होता, पट्ट्या धुतल्या होत्या. “तळ नवीन आहे,” मी फरशीला सांगितलं. “रस्त्याला लागलेला नाही.”

सासूबाईंनी एक चप्पल घेतली. उलटी केली. तळावरून अंगठा फिरवला, कणीक कशी दळलीय ते बघावं तसा.

“जमिनीला लागल्या न्हायत?”

“नाही.”

“ह्या खोलीतल्या जमिनीलापण?”

“नाही, आई. शपथ.”

त्यांनी दुसरी चप्पलही घेतली. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या, पदराचं टोक पुढे ओढलं आणि त्यात गुंडाळल्या. “मग ह्या चुलीपाशी चालतील. रस्त्याच्या वेगळ्या कर हिला. साध्या कर, मखमल नको.”

सुलोचना टेबलावरून उतरायला लागली. “आई, द्या इकडे, चपला आहेत. मी धरते.”

“तू पायाकडं बघ.”

सुनेच्या चपला पदरात धरून त्या बाहेर गेल्या, मागोमाग सुलोचना, घरी पोचेपर्यंत निळी खोळ चढवून. आपल्या चपला पायात सरकवल्या आणि रिक्षात बसल्यावर ते गाठोडं मांडीवर घेतलं. एक हात त्यावर ठेवला होता, देवळातून प्रसाद नेताना ठेवतात तसा.

रिक्षा वळेपर्यंत मी दरवाज्यात उभी होते. “इंदू! पुढचा पेशंट!” सिस्टर आतून ओरडल्या. मी धावत आले आणि खोलीच्या दाराशी, इतक्या वर्षांच्या सवयीने, पायातली चप्पल काढली. मग परत घातली. कुणी बघितलं नसावं.